वीस टक्क्यांचा टप्पा : एका शासन निर्णयाचा सभागृहापर्यंतचा प्रवास

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने अंशतः अनुदानित, म्हणजे शिक्षकांच्या पगाराचा काही टक्केच वाटा सरकार देते अशा, खासगी शाळांना अनुदानाचा पुढचा, म्हणजे आणखी वीस टक्क्यांचा टप्पा देण्याचा शासन निर्णय काढला. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. या निर्णयामागे प्रत्यक्ष पैसा उभा राहिला तो २०२५ च्या पावसाळ्यात आणि वाढीव टप्पा लागू झाला तो ऑगस्ट २०२५ पासून. नव्या आमदारांच्या शपथविधीसाठीचे विशेष अधिवेशन बाजूला ठेवले, तरी मधल्या काळात राज्य विधिमंडळाची तीन अधिवेशने होऊन गेली : डिसेंबरात नागपूरचे हिवाळी, मार्चमध्ये मुंबईचे अर्थसंकल्पी आणि जून-जुलैमध्ये मुंबईचेच पावसाळी. तिन्ही वेळा सरकारने खर्चासाठी सभागृहापुढे ठेवलेल्या हजारो कोटी रुपयांच्या मागण्या मंजूर झाल्या, तिन्ही वेळा शिक्षणावर भाषणे झाली, आणि तिन्ही वेळा हजारो शिक्षक जुन्याच टक्क्यावर पगार घेत राहिले.

शिक्षणावरच्या सरकारी खर्चावर नजर ठेवण्याचा अधिकार राज्यघटनेने ज्या सभागृहाला दिला आहे, त्या सभागृहापुढून एक जाहीर झालेला निर्णय दहा महिने तरतुदीविना कसा फिरत राहिला, हे या अभ्यासात तपासायचे आहे. यात कोणा एका मंत्र्याला किंवा पक्षाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही, कारण ही रीत कोणत्याही एका सरकारची नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, सभागृहासमोर शिक्षणखर्चाचा एकूण आकडा येतो आणि त्या आकड्याखालची शाळानिहाय यादी येत नाही. ही यादी जोवर येत नाही, तोवर हक्काचा शिक्षक वंचित राहिला तरी सभागृहाला कळत नाही आणि बोगस शिक्षक पगार उचलत राहिला तरीही कळत नाही. नागपूर विभागात या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी पुढे आल्या, म्हणून हे प्रकरण नागपुरातून पाहणे योग्य वाटते.

टप्पा म्हणजे काय, आणि तो कुठून आला

राज्यात २४ नोव्हेंबर २००१ पासून नव्या खासगी शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. सरकार या शाळांना कधीच अनुदान देणार नाही, असा त्याचा अर्थ होता. शाळा मात्र निघत राहिल्या, विशेषतः जिथे सरकारी किंवा अनुदानित माध्यमिक शाळा जवळ नव्हती अशा भागांत, आणि तिथे शेतकरी-शेतमजुरांची मुले शिकत असल्याने फीमधून शिक्षकांचा पगार निघणे शक्यच नव्हते. २० जुलै २००९ रोजी सरकारने ‘कायम’ हा शब्द वगळला. १५ नोव्हेंबर २०११ रोजी मूल्यांकनाचे निकष ठरले. निकषांत बसणाऱ्या शाळांना वीस, चाळीस, साठ, ऐंशी आणि शेवटी शंभर टक्के असे चढत्या क्रमाने अनुदान मिळेल, अशी त्यामागची कल्पना होती. दरवर्षी एक पायरी चढली असती, तर पाच वर्षांत प्रश्न सुटला असता. प्रत्यक्षात १९ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयाने सरसकट वीस टक्के मिळाले, १३ सप्टेंबर २०१९ रोजी पुढचा टप्पा जाहीर झाला, त्याच्या अंमलबजावणीचे आदेश निघायला फेब्रुवारी २०२१ उजाडले, १३ डिसेंबर २०२२ रोजी मंत्रिमंडळाने ११६० कोटी रुपयांना मान्यता दिली, त्याचा शासन निर्णय ६ फेब्रुवारी २०२३ रोजी निघाला, आणि मग ऑक्टोबर २०२४ आले.

या तारखा निवडणुकांच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवून वाचाव्यात. २००९ चा जुलै हा त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीच्या तीन महिने आधीचा. १३ सप्टेंबर २०१९ नंतर आठच दिवसांनी निवडणूक जाहीर झाली. १४ ऑक्टोबर २०२४ चे तर सांगितलेच आहे. सरकारे बदलली, मंत्री बदलले, निर्णय काढण्याचा मुहूर्त मात्र तोच राहिला. मागणी न्याय्य होती यात मला तिळमात्र शंका नाही. पण न्याय्य मागणी मान्य करण्याची वेळ जेव्हा मतपेटी ठरवते, तेव्हा त्या मान्यतेमागे पैसा आहे की नाही हे विचारणारे कोणी उरत नाही, कारण विचारणारे आमदार स्वतःच मतदारसंघात प्रचाराला निघालेले असतात.

वीस टक्के म्हणजे नेमके किती, हे आकड्यात पाहिले पाहिजे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. शाळा चाळीस टक्के टप्प्यावर असेल तर महागाई भत्ता वगळून या मूळ वेतनापैकी १५,४४० रुपये सरकार देते. साठ टक्क्यांवर गेली की २३,१६० रुपये देते. म्हणजे केवळ मूळ वेतनातच महिन्याला ७,७२० रुपयांचा फरक पडतो. टप्पा दहा महिने लांबला, तर एका शिक्षकाच्या घरातले ७७,२०० रुपये गेले, भत्ते वेगळेच. नियमाने उरलेला वाटा संस्थेने द्यायचा असतो, कारण खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद करून कमी पगाराची मुभा देत नाही. प्रत्यक्षात तो वाटा बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि हे शिक्षणाधिकारी कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना ठाऊक असते.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या बाजूला असलेल्या एका शाळेच्या शिक्षक खोलीत हा फरक मी जवळून पाहिला आहे. शाळा जुनी, पूर्ण अनुदानित. पण नंतर वाढवलेली तुकडी टप्प्यावरची. त्यामुळे भिंतीवरच्या एकाच वेळापत्रकात ज्यांची नावे एकाखाली एक आहेत, ज्यांच्या तासिका सारख्या आहेत आणि जे दहावीच्या एकाच वर्गाला शिकवतात, त्यांतल्या एकाला पूर्ण पगार मिळतो आणि दुसऱ्याला चाळीस टक्के. दुसरे सर संध्याकाळी गावात शिकवण्या घेतात आणि सुट्टीच्या दिवसांत संत्र्याच्या बागेत तोडणीच्या हिशेबाचे काम करतात. शाळेची पटसंख्या, दहावीचा निकाल आणि संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरवणारी प्रक्रिया) या सगळ्यांत दोघांचे वजन सारखेच धरले जाते. पगारपत्रकातच काय ते वेगळे पडतात.

याचा परिणाम मासिक पगारावर थांबत नाही. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेले, परंतु त्या तारखेनंतर शंभर टक्के अनुदानावर आलेले शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात आहेत. शाळा कोणत्या तारखेला कोणत्या पायरीवर होती, यावर माणसाचे म्हातारपण ठरते. म्हणून टप्पा उशिरा मिळणे ही प्रशासकीय दिरंगाईची किरकोळ बाब मानता येत नाही.

नागपूरचे सहा दिवस

विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याचे मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. शासन ठरावीक काळासाठी नागपुरात यावे आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे व्हावे, असे त्या करारात म्हटले आहे. त्याच करारात विदर्भाला निधीचा आणि शैक्षणिक सोयींचा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचेही वचन आहे. पुढे घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. त्यामुळे विदर्भातल्या शिक्षणखर्चाचा प्रदेशनिहाय हिशेब जाहीरपणे मागण्याची जी काही व्यासपीठे होती, त्यांत आता हिवाळी अधिवेशनाचेच महत्त्व सर्वाधिक उरले आहे.

नागपूरकरांना हे अधिवेशन मोर्चांमुळे अधिक ओळखीचे आहे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड अशा ठिकाणी लोखंडी कठडे लावून अडवले जातात. शिक्षकांचे मोर्चे दरवर्षी असतात. त्यांत अंगणवाडी सेविका, ग्रंथालय कर्मचारी, अंशकालीन निदेशक, टप्प्यावरचे शिक्षक असे सगळे येतात. गडचिरोली-गोंदियाहून रात्रीच्या बसने आलेली माणसे रस्त्यावर बसून डबा खातात. शिष्टमंडळाला विधानभवनात नेले जाते, मंत्री निवेदन घेतात, ‘सरकार सकारात्मक आहे’ असे सांगतात आणि संध्याकाळी कठडे उचलले जातात.

डिसेंबर २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे अवघे सहा दिवस चालले. त्यात एक गोष्ट अशी घडली जिची नोंद शिक्षणखर्चाच्या देखरेखीच्या इतिहासात व्हायला हवी. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला, आणि खातेवाटप जाहीर झाले ते २१ डिसेंबरला, अधिवेशन आटोपल्यावर. म्हणजे पूर्ण अधिवेशनभर राज्याला शालेय शिक्षणमंत्री असा कोणी नेमलेलाच नव्हता. सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वाने कोणीही मंत्री उत्तर देऊ शकतो हे खरे, पण ऑक्टोबरमध्ये काढलेल्या निर्णयाची फाइल ज्याच्या टेबलावर आहे असा माणूस सभागृहात नसेल, तर ‘या टप्प्यासाठी तरतूद कुठे आहे’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर कोणालाच बांधून ठेवत नाही. त्याच अधिवेशनात पहिल्या दिवशी ३३,७८८ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेला वाढीव खर्च) मांडल्या गेल्या आणि त्याच आठवड्यात मंजूर झाल्या.

पुरवणी मागण्यांचे पुस्तक हातात घेतले की देखरेखीची अडचण लगेच दिसते. शालेय शिक्षण विभागाच्या मागण्यांपुढे ‘ई’ हे अक्षर असते. ई-२ म्हणजे सामान्य शिक्षण. त्याखाली मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या शीर्षकाखाली नोंदतात तो क्रमांक, २२०२. त्यात ०२ म्हणजे माध्यमिक शिक्षण, त्याखाली ११० म्हणजे अशासकीय माध्यमिक शाळांना साहाय्य, आणि अगदी तळाशी ३६ म्हणजे सहायक अनुदाने, वेतन. या एका ओळीत राज्यभरातल्या खासगी माध्यमिक शाळांच्या पगाराचा डोंगर सामावलेला असतो. किती शाळा वीस टक्क्यांवर आहेत, किती चाळीसवर, नागपूर विभागातल्या किती आणि कोकणातल्या किती, मागच्या टप्प्याचे किती देणे बाकी आहे, यातले काहीही त्या ओळीवरून कळत नाही. आमदाराला कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देण्याचा अधिकार आहे आणि धोरणाला विरोध म्हणून लाक्षणिक कपातही सुचवता येते; पण ज्याला कापायचे काय आणि वाढवायचे काय हे त्या पुस्तकातून कळतच नाही, त्याची सूचना भाषणापुरती उरते. त्यात वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेशिवाय एकगठ्ठा मताला टाकल्या जातात.

शासन निर्णय वाचण्याची सवय असलेल्यांना त्यातले शेवटचे दोन परिच्छेद पाठ असतात. एकात वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक असतो, दुसऱ्यात होणारा खर्च अमुक लेखाशीर्षाखाली ‘मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा’ असे लिहिलेले असते. या शब्दांमागे तरतूद खरोखर मंजूर आहे, होणार आहे की व्हावी अशी अपेक्षा आहे, हे तपासायची जागा विधानसभा आहे. लेखाशीर्षात रक्कम नसेल तर वित्त विभाग बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी सोडू शकत नाही, वेतन पथक (शाळांची पगाराची देयके तपासणारे कार्यालय) देयक पुढे पाठवू शकत नाही आणि कोषागार ते पारित करू शकत नाही. या सगळ्या साखळीत कोणाचीही चूक नसते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिक्षकांचे प्रतिनिधी एका सभागृहात, पैशाचे मत दुसऱ्यात

महाराष्ट्र हे विधान परिषद असलेल्या मोजक्या राज्यांपैकी एक आहे आणि परिषदेच्या ७८ जागांपैकी सात जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. नागपूर शिक्षक मतदारसंघात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. २०२३ च्या सुरुवातीला इथे झालेल्या निवडणुकीत सुधाकर अडबाले यांनी नागो गाणार यांचा पराभव केला, तेव्हा जुनी पेन्शन आणि विनाअनुदानित शाळांचा प्रश्न हेच प्रचाराचे मुख्य मुद्दे होते. शिक्षक आमदार या विषयावर सर्वाधिक बोलतात, लक्षवेधी मांडतात, अर्ध्या तासाच्या चर्चा मागतात, सभापतींपुढच्या मोकळ्या जागेत, वेलमध्ये उतरतात. परिषदेतले कामकाज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे मान्य होईल.

परंतु अनुच्छेद २०३ प्रमाणे अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेला आहे, आणि अनुच्छेद २०५ खालच्या पुरवणी मागण्यांनाही तेच लागू होते. मंजूर रक्कम तिजोरीतून काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक परिषदेकडे जाते, तिथे चर्चा होते, पण अनुच्छेद १९८ प्रमाणे परिषदेने ते १४ दिवसांत शिफारशींसह परत करायचे असते, आणि त्या शिफारशी मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. म्हणजे ज्यांना शिक्षकांनी निवडून दिले ते शिक्षकांच्या पगाराच्या पैशावर मत देऊ शकत नाहीत, आणि जे मत देऊ शकतात त्या २८८ आमदारांपैकी बहुतेकांना हा विषय ‘परिषदेतल्या शिक्षक आमदारांचा’ वाटतो. या प्रकरणात माझ्या मते सगळ्यात मोठे भगदाड इथे आहे. घटनाकारांनी परिषदेला पैशाचा अधिकार दिला नाही, कारण थेट जनतेने निवडलेल्या सभागृहानेच तिजोरीची किल्ली हाती ठेवावी, हे संसदीय परंपरेला धरून आहे आणि ते बदलावे असे मी म्हणत नाही. पण किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांनी विषय दुसऱ्या सभागृहावर सोडून देणे हे त्या परंपरेत कुठेही बसत नाही.

शिवाय अनुच्छेद १७१ प्रमाणे शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरील संस्थांतले शिक्षकच मतदार असतात. प्राथमिक शाळेतल्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या हजारो शिक्षकांना तिथे मत नाही. त्यांच्या शाळांचा खर्च तपासण्यासाठी विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे. ती जिल्हा परिषदांना भेटी देते, लेखापरीक्षणातले आक्षेप काढून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. ती येणार म्हटल्यावर जिल्हा परिषदेत महिनाभर दप्तरे झाडली जातात. समितीच्या या धाकाचा उपयोग होतो. खासगी शाळांच्या वेतन अनुदानाचा ओघ मात्र वेतन पथक आणि कोषागार या वाटेने जातो. त्या वाटेवर लोकलेखा समिती आहे, पण ती काम करते महालेखापालांच्या अहवालांवर, म्हणजे खर्च होऊन गेल्यानंतर, बहुधा काही वर्षांनी. झालेला चुकीचा खर्च ती दाखवू शकते. जो खर्च व्हायला हवा होता आणि झालाच नाही, तो लेखापरीक्षणाच्या जाळ्यात सहसा सापडत नाही.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पाकडून टप्प्यावरच्या शिक्षकांना आशा होती. ती फळली नाही. ३० जून रोजी पावसाळी अधिवेशन सुरू झाले, ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, आणि त्यांतही आपला टप्पा नाही हा शिक्षक संघटनांचा मुख्य आक्षेप होता. ८ आणि ९ जुलैला मुंबईच्या आझाद मैदानावर पावसात राज्यभरातले शिक्षक जमले. विदर्भातूनही मोठ्या संख्येने गेले. विरोधी पक्षांचे नेते मैदानावर आले, सरकारच्या वतीने मंत्री गिरीश महाजन गेले, आश्वासन मिळाले आणि आंदोलन थांबले. त्यानंतर मंत्रिमंडळाने सुमारे ९७० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. ज्या प्रश्नाची उकल तीन अधिवेशनांत झाली नाही ती दोन दिवसांच्या चिखलातल्या आंदोलनाने झाली, याचा आनंद शिक्षकांना झाला असेल आणि तो रास्तही आहे. विधिमंडळाला मात्र याची खंत वाटायला हवी. ज्या कामासाठी लोकांनी आमदार निवडून दिले, ते काम लोकांना शाळा बंद ठेवून स्वतः करावे लागले, आणि त्या दिवसांत वर्गात बसलेल्या मुलांच्या बुडालेल्या तासिकांचा हिशेब कोणत्याही मागणीत मांडला जाणार नाही.

त्याच ओळीतली दुसरी माणसे

त्याच २०२५ मध्ये नागपूर विभागातला शालार्थ क्रमांकांचा गैरव्यवहार बाहेर आला. शालार्थ ही शाळांच्या पगाराची संगणक प्रणाली आहे. शिक्षणाधिकाऱ्याने शिक्षकाच्या नेमणुकीला वैयक्तिक मान्यता द्यायची, विभागीय उपसंचालक कार्यालयाने शालार्थ क्रमांक द्यायचा, मुख्याध्यापकाने महिन्याचे देयक तयार करायचे आणि वेतन पथकाने ते तपासून कोषागाराकडे पाठवायचे, अशी तिची रचना आहे. बनावट कागदपत्रांच्या आधारे अपात्र व्यक्तींना क्रमांक देऊन वर्षानुवर्षे शासनाच्या तिजोरीतून पगार काढल्याचे आरोप झाले, विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसह अनेकांना अटक झाली, पाचशेहून अधिक नावे चौकशीच्या फेऱ्यात आली आणि पुढे राज्यस्तरावर विशेष तपास पथक नेमले गेले. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे कोण दोषी यावर इथे काही म्हणायचे नाही.

देखरेखीच्या दृष्टीने जे दिसते ते मात्र नोंदवले पाहिजे. हा पगार ज्या लेखाशीर्षातून गेल्याचे सांगितले जाते, ते शाळांच्या वेतन अनुदानाचेच लेखाशीर्ष. ज्या ओळीत चाळीस टक्क्यांवर राबणारा काटोलकडचा शिक्षक आहे, त्याच ओळीत हे क्रमांकही होते. एकीकडे खऱ्या शाळांच्या मंजूर टप्प्याला तरतूद नाही म्हणून थांबा, असे सांगितले जात होते. दुसरीकडे त्याच ओळीतून अपात्रांना पैसा जात असल्याचा संशय होता. आणि विधानसभा दरवर्षी ती ओळ एकाच मतदानात मंजूर करत होती. वित्त विभाग अनुदानाची फाइल अडवताना खर्चाचा बोजा पुढे करतो. तो बोजा कोणाचा, किती खरा आणि किती फुगवलेला, हे विचारण्याची कुवत सभागृहाकडे असती, तर टप्प्याच्या मागणीला ‘पैसा नाही’ हे उत्तर इतक्या सहज देता आले नसते. प्रामाणिक शिक्षकांचे यात दुहेरी नुकसान झाले. गैरव्यवहार उघड झाल्यावर तपासणीच्या नावाखाली खऱ्या शिक्षकांचीही कागदपत्रे पुन्हा मागवली गेली, आणि टप्प्याची मागणी करणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची एक पळवाट प्रशासनाला मिळाली.

कुठे हात घालता येईल

केंद्रात १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत; अर्थसंकल्प मांडल्यावर संसदेला सुट्टी असते त्या काळात या समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात आणि मग मतदान होते. केरळने विषय समित्यांची अशीच व्यवस्था १९८० पासून राबवली आहे. महाराष्ट्रात मतदानाआधी मागण्यांची अशी छाननी समितीत करण्याची परंपरा रुजलेली नाही. ती सुरू करायची तर शालेय शिक्षणापासून करावी, कारण या विभागाचा बहुतेक खर्च पगाराचा आहे आणि पगाराचा हिशेब व्यक्तीपर्यंत पोहोचवता येतो. अशा समितीवर दोन्ही सभागृहांचे सदस्य घेता येतील. परिषदेतल्या शिक्षक आमदारांना मागणीवर मत देता येत नसले, तरी समितीत बसून शिक्षण सचिवांना प्रश्न विचारता येतील आणि त्यांना असलेली तपशिलाची माहिती विधानसभेच्या मतदानाआधी कामी येईल. घटनेतली एकही ओळ न बदलता हे भगदाड बुजवता येते.

आश्वासन समितीचाही विचार व्हावा. मंत्र्याने सभागृहात दिलेले वचन पाळले गेले का, हे ती पाहते. शासन निर्णय हे सभागृहात दिलेले वचन नसते, म्हणून १४ ऑक्टोबर २०२४ चा निर्णय तिच्या कक्षेत आपोआप येत नाही. ज्या शासन निर्णयाने पुढच्या वर्षांवर आवर्ती खर्च येतो, त्याची प्रत पुढच्याच अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवणे आणि त्यासोबत तरतूद केली आहे, पुरवणीत मागितली आहे की अजून नाही, हे एका वाक्यात सांगणे बंधनकारक केले, तर मुहूर्त साधून निर्णय काढण्याचा मोह बराच कमी होईल. सत्ताधारी आमदारांनाही हे सोयीचे आहे. आपल्याच सरकारने जाहीर केलेल्या निर्णयाला पैसा का नाही, हे मतदारसंघातल्या शिक्षकांना समजावून सांगताना त्यांची होणारी ओढाताण मी पाहिली आहे.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात कमी खर्चात होण्यासारखे काम मात्र यादीचे आहे. गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतर २०२५ मध्ये शिक्षण विभागाने २०१२ नंतरच्या नियुक्त्या आणि मान्यतांची कागदपत्रे शालार्थ प्रणालीत चढवण्याचे आदेश दिले. मुख्याध्यापकांनी आणि लिपिकांनी रात्री जागून, खेडेगावातल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर हे काम केले. म्हणजे शाळानिहाय, तुकडीनिहाय, टक्केवारीनिहाय माहिती आता शासनाच्या संगणकात आहे. व्यक्तींची नावे झाकून त्या माहितीचा विभागवार गोषवारा काढायला कोणताही नवा कायदा लागत नाही. नागपूर विभागात कोणत्या टप्प्यावर किती शाळा, किती तुकड्या आणि किती पदे. चालू वर्षात पुढच्या टप्प्यासाठी लागणारी रक्कम. मागच्या टप्प्याची थकबाकी. आणि तपासणीत बाद झालेल्या शालार्थ क्रमांकांवर गेलेली व वसूल झालेली रक्कम, इतके चार रकाने ई-२ च्या मागणीसोबत जोडपत्र म्हणून छापावेत, अशी मागणी सहा जिल्ह्यांतल्या विधानसभा सदस्यांनी येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी लेखी करावी, आणि ते जोडपत्र मिळेपर्यंत त्या एका ओळीवरची चर्चा आटोपती घेऊ नये.